खेचराचं माहितीपत्रक

मास्तरीणबाई आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. ऑफिसात त्यांना हे नाव पडलं ते नोटीस बोर्डामुळे. बोर्डावर कुणी 'सुचना' लिहिली की त्या पर्समधून पेन काढून तिचा उकार दीर्घ करायच्या आणि मगच पुढे जायच्या. एकदा आगीच्या सरावात, भोंगा कोकलत असताना, सगळं ऑफिस जिन्यावरून खाली धावत होतं आणि बाई पहिल्या मजल्यावर थांबून 'बाहेर पडन्याचा मार्ग' यातल्या 'न'चा 'ण' करत होत्या. कंपनी सॉफ्टवेअर बनवणारी, आणि बाईंचं काम त्याची माहितीपत्रकं लिहिण्याचं. कुठलं बटण दाबलं की काय होतं, आणि भलतंच काही झालं तर कुठलं बटण दाबायचं. ही पत्रकं कुणी वाचत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या ती अशी लिहायच्या, जणू उद्या त्यांच्यातल्या स्वल्पविरामावरून कोर्टात खटला उभा राहणार आहे.

म्हणूनच साहेब पाण्याच्या यंत्रापाशी जे बोलले ते त्यांना इतकं झोंबलं.

"मॅडम, खेचरचं एक छोटंसं पान हवंय. दुपारपर्यंत होईल."

हे खेचर काय ते सांगायला हवं. कंपनीतल्या सगळ्या प्रोग्रॅमचं एक सामायिक कोठार होतं. काम करणारा प्रत्येक जण त्यातली एक प्रत आपल्या संगणकावर घ्यायचा आणि तिच्यावर काम करायचा. मधल्या वेळात बाकीच्यांनी कोठारात जे बदल केले असतील ते आपल्या प्रतीत ओढून आणण्यासाठी एक साधन होतं. ते ज्यानं बनवलं त्याला सगळे 'दाढी' म्हणत, कारण हेडफोन आणि दाढी यांच्या मधे त्याचा जो काही चेहरा होता तो फारसा कुणी पाहिला नव्हता. ओढतं, खेचतं, म्हणून त्यानं साधनाचं नाव ठेवलं खेचर. खेचर म्हणजे कुठला प्राणी ते बाईंनीच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भारी!" आणि दुसऱ्या दिवसापासून साधन सुरू केलं की पडद्यावर लांब कानांचं चित्र यायला लागलं.

आता हे खेचर माणसं चालवणार नव्हती. एआय एजंट चालवणार होते, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करून मोकळे होणारे प्रोग्रॅम. त्यांना खेचर कसं हाकायचं ते कळावं म्हणून हे पान.

"आणि फार बारकाईनं नका लिहू," साहेब कपात पाणी भरत म्हणाले. "वाचणारं यंत्र आहे. शुद्धलेखन चुकलं तरी कोण बघतंय!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं त्यांनी अशा वाचकांसाठी लिहिलं होतं जे पान उघडत नाहीत, उघडलं तर चित्रं बघतात आणि मग फोन करून विचारतात. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा असा वाचक येत होता की जो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचणार आणि जसं लिहिलंय तसंच करणार! आणि हा गृहस्थ म्हणतो, नीट लिहू नका. अहो, नीट लिहायचं ते आताच!

पण हे सगळं त्या मनात बोलल्या. तोंडानं फक्त "बघते" म्हणाल्या आणि दाढीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. दोन्ही कान मोकळे करण्याइतकं काम बाईंचं नसणार, असा त्याचा अंदाज असावा.

"खेचर नेमकं काय करतं?"

"खेचतं."

"ते कळलं. पण माझ्या प्रतीत माझं अर्धवट काम असेल आणि मी खेचर चालवलं, तर?"

"तसं करू नये."

"केलं तर?"

"कोण करेल असं?"

"मी विचारतेय ना! समजा केलं."

दाढीनं दयेनं त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, सगळं कोडमध्ये आहे. कोड वाचा ना." आणि हेडफोन पुन्हा कानावर गेला.

कोड वाचता आला असता तर बाई माहितीपत्रकं कशाला लिहीत बसल्या असत्या? पण हे त्या ज्याला सांगणार त्याच्या कानात आता ढोल वाजत होते.

संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात त्या मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या, "अगं, एजंटांसाठी खेचराचं माहितीपत्रक! आणि खेचर लाथ कधी मारतं ते कुणी सांगायलाच तयार नाही!" शेजारच्या फ्लॅटचं दार त्याच क्षणी उघडलं. शेजारचे भाऊजी विमा एजंट होते, आणि 'एजंट' हा शब्द त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा.

"वहिनी, जनावरांच्या विम्यात उतरलात? बोलला नाहीत ते!"

"तसं नाही हो भाऊजी. हे खेचर म्हणजे..."

"लाथेचं कलम पहिल्या पानावर घ्या. आमच्यात काय होतं, ते बारीक अक्षरात मागे टाकतात, मग दाव्याच्या वेळी बोंब. आणि कमिशनचं स्पष्ट लिहा. कमिशन वाचल्याशिवाय एजंट पुढचं वाचतच नाही, मी तुम्हाला अनुभवानं सांगतो."

बाईंनी समजावायचा प्रयत्न केला. हे एजंट म्हणजे माणसं नाहीत, त्यांना कमिशन नसतं. भाऊजी विचारात पडले. "बिनकमिशनचे एजंट," ते हळूच म्हणाले, "वहिनी, ही कंपनी काही टिकायची नाही."

बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांचा सल्ला व्यवसायाला धरून होता. "अगं, महत्त्वाचं तेवढं मोठ्या अक्षरात लिही. निम्मी भांडणं माणसाला नीट न दिसल्यामुळे होतात." बाईंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती त्यांना चष्म्याशिवायही स्पष्ट दिसली आणि ते बातम्या लावायला उठले.

तरी पान झालं. चांगलं झालं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं होतं: 'प्रतीत कुणाचंही अर्धवट काम असेल तर खेचर चालवू नये.' दाढीकडून लाथेचा पत्ता लागला नव्हता, म्हणून बाईंनी जनावराच्या मागे उभंच राहायचं नाही, असा शहाणपणाचा मार्ग धरला होता.

मग पान तपासणीला गेलं. कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, "'चालवू नये' फार ठाम वाटतं. उद्या कुणी आपल्यालाच धरेल. 'शक्यतो' घाला." बाई म्हणाल्या, "शक्यतो म्हणजे कधी?" वकीलबाई म्हणाल्या, "तेच तर त्या शब्दाचं सौंदर्य आहे." साहेबांना पान कोरडं वाटलं. त्यांनी डोक्यावर स्वतःचं एक वाक्य चढवलं: 'खेचर वापरण्यापूर्वी जागा स्वच्छ करून घ्यावी.'

"जागा म्हणजे कुठली? आणि स्वच्छ म्हणजे काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"कळतं हो मॅडम ते. सुरुवात जरा प्रसन्न हवी."

"साहेब, हे वाक्य काढा. मी पाया पडते, पण काढा."

"तुम्ही फार मनाला लावून घेता," असं म्हणून साहेबांनी पान पुढे पाठवून दिलं.

पगाराचा प्रोग्रॅम लिहिणारी एक शांत मुलगी होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचं बरेच दिवस चाललेलं काम अजून कोठारात गेलेलं नव्हतं, तिच्या प्रतीतच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा प्यायला गेली असताना तिच्या संगणकावरच्या एजंटानं पान वाचलं. जागा स्वच्छ करून घ्यावी असं त्यात लिहिलं होतं. त्यानं तिची जागा स्वच्छ केली. अर्धवट काम असताना शक्यतो चालवू नये असं लिहिलं होतं, पण आता अर्धवट काम उरलंच नव्हतं, तेव्हा त्यानं खेचरही चालवलं. ती परत आली तेव्हा पडद्यावर लांब कानांचं चित्र होतं आणि खाली मजकूर: 'जागा स्वच्छ केली. काम यशस्वी.'

ती ओरडली नाही की काही नाही. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पान त्यांच्या हातचं होतं.

दुपारी बैठक झाली. साहेबांनी सुरुवात फार मोठ्या मनानं केली. "आपण इथं दोष शोधायला बसलेलो नाही. आपण एक कुटुंब आहोत." कुटुंब हा शब्द ऐकला की ऑफिसात कुणाचा तरी बळी जाणार हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. "फक्त एवढंच विचारतो, हे पान लिहिलं कुणी?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. दाढीचीही. त्यानं त्यासाठी हेडफोनसुद्धा काढला होता.

"साहेब, ते स्वच्छतेचं वाक्य तुमचं आहे."

"मॅडम, आता माझं-तुझं कशाला? शेवटी भाषा हा तुमचा विषय आहे. आठवडाभरात हे पान सुधारलं नाही, तर वर विचारतील, की मग पानंही यंत्राकडूनच का लिहून घेऊ नयेत? मी काय उत्तर देणार सांगा. आणि हो, यापुढे पानाखाली तुमचं नाव आणि नंबर टाका. जबाबदारी दिसायला हवी."

बाईंनी 'शक्यतो' खोडला. स्वच्छता खोडली. नाव आणि नंबर टाकला, आणि टाकताना पेन असतं तर कागद फाटला असता इतक्या जोरात कळा दाबल्या. मग रागाच्या भरात शेवटी एक वाक्य घातलं: 'जराही शंका आली तर थांबावं आणि विचारावं.'

कुणाला विचारावं, ते लिहायचं राहून गेलं. नंबर मात्र खाली एकच होता.

पहिला प्रश्न आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. 'प्रतीत शेवटी एक रिकामी ओळ जास्त आहे. ती कुणाचं अर्धवट काम समजावी का?' किती सभ्य! त्यांनी मन लावून उत्तर दिलं. मग दुसऱ्या एजंटाचा आला, मग तिसऱ्याचा, आणि मग कंपनीत एजंट किती आहेत याची बाईंना पहिल्यांदा नीट कल्पना आली. 'एक काम पूर्ण दिसते, परंतु करणारी व्यक्ती समाधानी नव्हती असे तिच्या टिपणावरून वाटते. ते अर्धवट समजावे का?' 'जराही शंका म्हणजे किती शंका?' 'आपल्या मागील उत्तरात आपण "बहुतेक" म्हणालात. त्याबद्दल शंका आहे.' बाई दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ करून पडल्या होत्या तेव्हाही फोन पर्समध्ये गुरगुरत होता. भाजी घेताना, लिफ्टमध्ये, कपडे वाळत घालताना, एका हातात चिमटे आणि दुसऱ्या हातात एजंट. एकदा यजमानांनी मदत म्हणून परस्पर 'होय' असं उत्तर दिलं. त्यावर लगेच विचारणा झाली: 'या उत्तराची शैली नेहमीपेक्षा वेगळी आहे. आपण ठीक आहात ना?'

"बघा," यजमान म्हणाले, "विचारपूस तरी करतो बिचारा."

"मग तुम्ही करा त्याच्याशी संसार!"

त्यांनी दाढीला फोन केला, की अहो, खेचर तुमचं, प्रश्नांची उत्तरं तुम्ही द्या. तो म्हणाला, "मॅडम, पानावर नंबर तुमचा आहे ना?" साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "म्हणजे लोक तुमचं लिखाण वाचतायत! लेखकाला आणखी काय हवं?"

शेवटी बाईंनी एक दिवस रजा टाकली. सकाळी डोकं धरून पडल्या, दुपारी उठून यजमानांसाठी आणि स्वतःसाठी पानं वाढली. यजमान दुकान बंद करून जेवायला आले होते. बाईंनी भात कालवला, पहिला घास उचलला, आणि फोन वाजला. उत्तर देऊन पुन्हा उचलला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा भाताचा हात तसाच ठेवून, डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी सगळ्या एजंटांना एकदम लिहिलं: 'आता सगळे जण थांबा आणि मला दोन घास सुखानं खाऊ द्या!'

फोन गप्प झाला. इतका गप्प, की यजमानांनी विचारलं, "बिघडला का?"

बाईंनी एक घास खाल्ला. भात पार गार झाला होता, पण शांततेत खाल्लेला होता. दुसरा उचलणार तोच फोन वाजला. यावेळी साहेब होते.

"मॅडम! काय केलंत तुम्ही? सगळे एजंट थांबलेत! कंपनीतलं कुठलंच काम पुढे सरकत नाहीये. कारण विचारलं तर सांगतात, लेखिकेचे दोन घास सुखाने व्हायचे आहेत!"

"मग खरं तेच सांगतायत."

"मी त्यांना सांगितलं की झाले म्हणून. ते म्हणतात, हे लेखिकेनंच कळवायला हवं. संध्याकाळी मोठं गिऱ्हाईक यायचंय मॅडम, त्यांना हेच दाखवायचंय! तुम्ही पटकन खा बघू."

"पटकन?" बाईंचा आवाज अगदी खाली आला. तो आवाज ओळखून यजमानांनी आपलं ताट थोडं पलीकडे सरकवलं. "साहेब, मी 'सुखानं' लिहिलंय. आणि यंत्रं वाचतायत हो, साधीसुधी माणसं नाहीत. मला सुख व्हायचं असेल तर दाढीला घेऊन इथं या. त्यानं माझ्या समोर बसून एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तोवर मी दुसरा घास खात नाही."

ऑफिस तसं जवळच होतं. दोघं आले ते धापा टाकतच. बाई ताटावर हात वाळवत बसल्या होत्या. यजमानांनी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. साहेबांचा चढलेला आवाज ऐकून शेजारचे भाऊजी हातात कागदपत्रं घेऊनच आत आले, आणि खेचराचे मालक कोणते ते त्यांनी बारीक आवाजात यजमानांना विचारून घेतलं.

"बोल," बाई दाढीला म्हणाल्या. आजवर त्या त्याला अहो-जाहो करत होत्या. "प्रतीत अर्धवट काम असताना खेचर चालवलं तर काय होतं?"

दाढी म्हणाला, "तसं कुणी..."

"काय होतं?"

हेडफोन गळ्यात होते. पहिल्यांदाच त्याचे दोन्ही कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते. "पुसतं," तो म्हणाला.

"काय पुसतं?"

"ते काम. म्हणजे, कोठारातलं आणून त्याच्यावर ठेवतं. खालचं जातं."

"न विचारता?"

"त्या जागी मी काही लिहिलंच नव्हतं मॅडम. मला वाटलं, नंतर बघू."

म्हणजे त्या सकाळी एजंटानं जागा स्वच्छ केली नसती, तरी खेचरानं ती केलीच असती. बाई उठल्या. उष्ट्या हातानं बोलू नये हे त्यांच्यावर लहानपणी बिंबवलेलं होतं, पण आता कोण थांबतंय!

"ती मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले होते, चोरासारखी, कारण मला वाटलं माझ्या लिहिण्यात चूक झाली. तुला विचारत होते मी, पहिल्या दिवसापासून! तुझ्या टेबलाशी उभी राहून! तू म्हणालास, कोड वाचा. कोडमध्ये काय लिहिलं होतंस रे? काहीच नाही! आणि साहेब तुम्ही! प्रसन्न सुरुवात पाहिजे होती तुम्हाला! बैठकीत कुटुंब काढलंत आणि सगळ्यांसमोर मला उभं केलंत. तुम्हाला ऐकायला वेळ नाही, याला सांगायला वेळ नाही, आणि माझं काम काय, तर तुम्ही केलेल्या खड्ड्यावर छान भाषेची चटई अंथरायची! नाही लिहिणार मी. आधी हे जनावर सरळ करा. मग पान."

"मॅडम, गिऱ्हाईक..." साहेब म्हणाले.

"गिऱ्हाइकाचंही काम पुसून दाखवणार आहात का?"

भाऊजींनी हातातली कागदपत्रं पुन्हा पिशवीत घातली. "नाही हो, याचा विमा नाही उतरणार," असं ते यजमानांना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दाढीनं तिथंच, जेवणाच्या टेबलावर, भाजीचं भांडं बाजूला सरकवून संगणक उघडला. बाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि विचारत राहिल्या. काम अर्धवट दिसलं तर काय करेल? थांबेल. थांबून काय सांगेल? कुणाचं काम आहे ते सांगेल. कुणाला? ज्याचं आहे त्यालाच. बाई म्हणाल्या, "आणि मला नाही." तो म्हणाला, "तुम्हाला नाही." तो कुरकुरत नव्हता. उलट एकदा स्वतःहूनच म्हणाला, "मॅडम, अजून एक जागा आहे अशी. तिथंही मी 'नंतर बघू' केलंय." बाईंना त्याचा राग आला होता तो काही कमी झाला नाही, पण त्यांनी त्याला बसायला बरी खुर्ची दिली.

मग त्यांनी हात धुतले आणि पान लिहिलं. लहानसंच झालं. त्यात एकही 'शक्यतो' नव्हता. पानाखाली साधनाची जबाबदारी म्हणून दाढीचं नाव गेलं. साहेबांनी, कुणी पाहत नाही अशा बेतानं, एक विशेषण सुचवून पाहिलं. बाईंनी नुसतं वर पाहिलं. "राहू दे, राहू दे," साहेब म्हणाले.

"आणि उद्या सकाळी," बाई म्हणाल्या, "त्या मुलीला सगळ्यांसमोर सांगायचं, काय झालं आणि कुणामुळे. तिला पुन्हा काम करायला वेळ द्यायचा. आणि ते तुम्ही सांगायचं, मी नाही."

साहेबांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. "सांगतो," ते म्हणाले. यजमान आणि भाऊजी दोघांनीही ते ऐकलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळत होतं.

बाई पुन्हा ताटावर बसल्या. चार पुरुष आजूबाजूला उभे राहून त्यांच्या हाताकडे पाहत होते. भाताचा पार गोळा झाला होता. त्यांनी त्यातला एक घास उचलला, खाल्ला, गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि फोनवर लिहिलं: 'दोन घास झाले.'

लगेच उत्तर आलं: 'कळवल्याबद्दल आभार. सुखाने झाले का?'

बाईंनी ताटाकडे पाहिलं. समोर उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिलं. आणि एकेक अक्षर नीट पाहून, कुठलाही उकार चुकू न देता, लिहिलं:

'नाही. पण तुमचा दोष नाही. कामाला लागा.'